बॅलन्सिंग मशीन घ्यायचंय: हार्ड बेअरिंग की सॉफ्ट, आडवं की उभं?

फिरता_शाफ्ट

नमस्कार मंडळी. आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. ब्लोअरचे फॅन, पंपांचे इम्पेलर, मोटरचे रोटर, सगळं येतं. बॅलन्सिंगचं काम (फिरत्या पार्टाचं वजन अक्षाभोवती समतोल करणं) अजून बाहेर पाठवतो. त्यात वेळ जातोच, शिवाय परत आलेल्या रिपोर्टवरचा आकडा खरा की नुसता छापलेला, हे कळायला मार्ग नाही. म्हणून स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलंय.

काम साधारण असं: फॅन २० ते ३०० किलो, ९६० ते ३००० आरपीएमवर चालणारे. मोटरचे रोटर ५०० किलोपर्यंत. इम्पेलर ३ ते ४० किलो. आणि नवीन विचारणा आली आहे ती ५ किलोच्या, १२,००० आरपीएमवर फिरणाऱ्या रोटरची. ते काम मिळालं तर नियमित असेल.

एक विक्रेता म्हणतो, १००० किलोचं हार्ड बेअरिंग (कडक आधाराचं) आडवं मशीन घ्या, एंड ड्राइव्हचं, ५ किलोपासून ५०० किलोपर्यंत सगळं त्यातच होईल. कॅटलॉगात '०.५ ग्रॅम-मिमी प्रति किलो' लिहिलंय (ग्रॅम-मिमी म्हणजे जास्तीचं वजन गुणिले अक्षापासूनचं अंतर). दुसरा म्हणतो, हार्ड बेअरिंग जाड्याभरड्या कामाला ठीक, बारीक कामाला सॉफ्टच (लवचीक आधाराचं). तिसऱ्याचं म्हणणं, इम्पेलर असतील तर उभं मशीन हवंच. डोकं गरगरायला लागलंय. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

डायलगेज

वजन दिलंत, आरपीएम दिलेत, ग्रेड (किती बारीक बॅलन्स हवा ते; आकडा लहान तितकं काम बारीक) कुठाय? ग्रेडशिवाय मशीन निवडणं म्हणजे माप न घेता सदरा शिवायला टाकणं.

फिरता_शाफ्ट

ग्रेड कोणी देतच नाही हो. 'बॅलन्स करून द्या' एवढंच सांगतात. फक्त त्या ५ किलोवाल्याने जी २.५ लिहून दिलंय.

डायलगेज

मग तुम्हीच ठरवा. आयएसओ २१९४०-११ मध्ये तक्ता आहे (जुन्या लोकांना तो १९४० नावाने माहीत असेल). सर्वसाधारण फॅन, पंप, फ्लायव्हील यांना जी ६.३. ९५० आरपीएमच्या वर चालणाऱ्या नेहमीच्या मोटरना जी २.५. ग्राइंडिंग मशीनच्या ड्राइव्हला जी १. गिऱ्हाइकाला हे दाखवून ऑर्डरवर लिहून घ्या, नंतरचे वाद वाचतात.

आता हिशेब. किती असंतुलन उरलेलं चालेल, ते ग्रॅम-मिमीमध्ये असं निघतं:

९५४९ × ग्रेडचा आकडा × किलो ÷ आरपीएम

४० किलोचा फॅन, १५०० आरपीएम, जी ६.३ धरला तर साधारण १६०० ग्रॅम-मिमी. दोन प्लेनमध्ये (रोटरच्या लांबीवर वजन लावायच्या किंवा काढायच्या दोन जागा) वाटला तर प्रत्येकी ८००. म्हणजे २०० मिमी त्रिज्येवर ४ ग्रॅम. एक जाडसर वॉशर इकडचा तिकडे झाला तरी पास.

तुमचा ५ किलोचा, १२,००० आरपीएम, जी २.५: एकूण १० ग्रॅम-मिमी. प्रत्येक प्लेनला ५. त्रिज्या ४० मिमी असेल तर सव्वाशे मिलिग्रॅम. दुसऱ्या शब्दांत, वस्तुमानाचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून २ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलेला चालणार नाही. फॅनला हीच सवलत ४० मायक्रॉनची आहे.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक पार्टचा हा आकडा काढा आणि सगळ्यात लहान आकडा कुठला ते बघा. मशीन त्याच्यावरून ठरतं, सगळ्यात जड पार्टावरून नाही. विक्रेते नेमकं उलटं विचारतात: जास्तीत जास्त वजन किती, व्यास किती, लांबी किती. कारण त्यांच्या मॉडेलची नावं तशी पडलेली असतात.

ऑइलसील

वाचनखूण साठवली. पण मग ०.५ ग्रॅम-मिमी प्रति किलो म्हणजे ५ किलोला २.५ ग्रॅम-मिमी झाले. यांना हवेत १०. बसतंय की त्यात. अडचण काय?

निवृत्त_टेस्टबेड

अडचण त्या 'प्रति किलो'मध्येच आहे. तो आकडा कुठल्या वजनाच्या रोटरवर सिद्ध केलाय, हे कॅटलॉगात बहुधा लिहिलेलं नसतं. १००० किलोच्या मशीनवर तो २००-३०० किलोच्या रोटरवर मिळतो. म्हणून खालपर्यंत ५ किलोवरही मिळेल असं नाही. रोटर हलका होत गेला तरी मशीनची कमाल संवेदनशीलता ग्रॅम-मिमीत एका ठिकाणी येऊन थांबते. त्याच्या खाली मशीनला काही दिसत नाही, पडद्यावर आकडे नाचतात तेवढेच.

हे किती बारीक प्रकरण आहे ते आकड्यात सांगतो. हार्ड बेअरिंग मशीन बल मोजतं. १० ग्रॅम-मिमी असंतुलन १२,००० आरपीएमला सुमारे १६ न्यूटनचा हिसका देतं, बेअरिंगला ते चांगलंच जाणवतं. पण मोठ्या मशीनवर हा रोटर ६०० आरपीएमला फिरवलात तर तेच असंतुलन फक्त ०.०४ न्यूटन देईल. वेग वीसपट कमी, म्हणजे बल चारशेपट कमी. आता १००० किलो पेलायला बांधलेले दोन पेडेस्टल, त्यांवर ०.०४ न्यूटन, आणि शेजारून माल घेऊन ट्रॉली गेली. काय मोजणार?

म्हणून विक्रेत्याला असं विचारा: 'माझ्या सगळ्यात हलक्या रोटरवर, प्रत्येक प्लेनला, कुठल्या आरपीएमला, किती ग्रॅम-मिमीपर्यंत खाली जाल?' आणि उत्तर लेखी घ्या. ते तुमच्या परवानगीच्या आकड्याच्या फार तर पाचव्या हिश्श्याइतकं असलं तर पुढे बोला.

स्प्रिंगवॉशर

म्हणूनच म्हणतो, सॉफ्ट बेअरिंग घ्या. संवेदनशीलतेत हार्डवाले जवळपासही येत नाहीत. मी सगळं आयुष्य सॉफ्टवर काढलं, तक्रार नाही.

निवृत्त_टेस्टबेड

स्प्रिंगवॉशर, अर्धं मान्य. सॉफ्टमध्ये रोटर लवचीक आधारावर टांगलेला असतो, आधाराच्या नैसर्गिक वारंवारितेच्या वर चालवतात आणि हालचाल मोजतात. हलक्या, वेगवान रोटरला ते छान जमतं. पण प्रत्येक नव्या प्रकारच्या रोटरला आधी माहीत असलेलं वजन लावून कॅलिब्रेशन करावं लागतं. एकाच प्रकारचे शेकडो रोटर रोज करायचे असतील तर एकदा केलं की झालं. यांच्याकडे सकाळी फॅन, दुपारी मोटर, संध्याकाळी कुणाचा तरी पंप. दर वेळी ट्रायल रन करत बसणार का?

हार्डमध्ये आधार कडक, रोटर त्याच्या नैसर्गिक वारंवारितेच्या बराच खाली फिरतो. बेअरिंगमधलं अंतर, प्लेनची अंतरं आणि दोन त्रिज्या, टेपने मोजून भरल्या की पहिल्याच रनला ग्रॅम आणि अंश मिळतात. सुट्या, एकेक नगाच्या कामाला हे सोयीचं. छोट्या क्षमतेची हार्ड मशीनसुद्धा बारीक काम करतात. 'हार्ड म्हणजे जाडंभरडं' हे विक्रेत्याने सोयीने सांगितलेलं दिसतंय, त्याच्याकडे सॉफ्टच असणार.

स्प्रिंगवॉशर

एकेक नगाच्या कामाला हार्ड, मान्य. ५ किलोवाल्या नियमित कामाला मात्र मी सॉफ्टच बघेन. आणि हार्डला फाउंडेशन नीट लागतं, तेही सांगा की.

निवृत्त_टेस्टबेड

लागतंच. जमिनीला घट्ट बांधलेलं, प्रेस आणि क्रेनपासून लांब. मशीनखाली रबराचे पॅड टाकून 'थरथर अडवतो' म्हणणारे भेटतात, त्यांना ते काढायला लावा. पाया हलला तर बल मोजायचं कशाच्या आधारावर?

बेल्टवाला

ड्राइव्हबद्दल कुणीच बोललं नाही अजून. १००० किलोचं एंड ड्राइव्ह मशीन ५ किलोच्या रोटरसाठी सुचवणाऱ्याचं धारिष्ट्य बघून हसू आलं. एंड ड्राइव्हमध्ये रोटरला युनिव्हर्सल जॉइंटचा शाफ्ट जोडतात. त्या शाफ्टचं स्वतःचं असंतुलन, जोडणीतला ढिलेपणा, अडॅप्टरचा रनआउट (फिरताना मध्यापासून होणारी डगमग), सगळं रोटरच्या नावावर जमा होतं. ३०० किलोच्या फॅनला ते पोटात जातं. ५ किलोवाल्याला दहा ग्रॅम-मिमीत बसवायचं, तर कपलिंगच त्याच्यापेक्षा जास्त घेऊन येईल.

बेल्ट रोटरच्या अंगावरून फिरतो, काही जोडावं लागत नाही. अट एकच, बेल्ट बसायला गोल, गुळगुळीत जागा हवी. मोटरच्या रोटरला ती आयती असते.

पण फॅनचं वेगळं. मोठा फॅन फिरवला की हवा ढकलतो, बेल्ट घसरतो, वेग स्थिर राहत नाही. तिथे एंड ड्राइव्हचा जोर कामी येतो. बेल्टवरच भागवायचं असेल तर फॅनची तोंडं पत्र्याने झाकून घ्या, लोड बराच उतरतो. पत्रा फॅनला बांधलात तर तो रोटरबरोबर फिरणार आणि त्याचंही असंतुलन मोजलं जाणार, म्हणून शक्यतो बाहेरून, मशीनला धरून लावा.

तर मोठं मशीन घ्याल ते दोन्ही ड्राइव्ह असलेलं बघा.

पंपपुराण

तिसऱ्याचं 'उभं मशीन हवंच' हे तितकंसं खरं नाही. ज्याला स्वतःचा शाफ्ट नाही अशा चपट्या पार्टाला (इम्पेलर, पुली, क्लच प्लेट, ब्रेक डिस्क) उभं सोयीचं, पार्ट वरून ठेवला, पकडला, फिरवला, ड्रिल मारलं. नग भरपूर असतील तर वेळ खूप वाचतो. पण तुमच्यासारख्या दुरुस्तीच्या कामात इम्पेलर मँड्रेलवर (तात्पुरत्या शाफ्टवर) बसवून आडव्या मशीनवर होतात.

मँड्रेल मात्र चांगला हवा, आणि इथे बहुतेक लोक गोत्यात येतात. समजा १० किलोचा इम्पेलर, २९०० आरपीएम. जी ६.३ ला परवानगी सुमारे २०७ ग्रॅम-मिमी. आता मँड्रेलवर इम्पेलर बसतो त्या जागेला डायल लावलात आणि काटा दोन शतांश मिलिमीटर हलला. म्हणजे मध्य एक शतांश, १० मायक्रॉन, सरकलेला. १० किलो गुणिले १० मायक्रॉन: १०० ग्रॅम-मिमी. अर्धी परवानगी मँड्रेलने खाल्ली. गिऱ्हाइकाने जी २.५ मागितलं तर परवानगी ८२, म्हणजे इम्पेलर मशीनवर शून्य दाखवेल आणि पंपात बसल्यावर नापास असेल. मशीन कितीही चांगलं घ्या, यात फरक पडत नाही.

उपाय साधा आहे. बॅलन्स करून शून्यावर आणा, इम्पेलर सैल करून मँड्रेलवर १८० अंश फिरवा, पुन्हा रीडिंग घ्या. जे दिसेल त्यातलं अर्धं इम्पेलरचं, अर्धं मँड्रेलचं. अर्धं इम्पेलरवर दुरुस्त करा, उरलेलं मँड्रेलवर. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं, 'इंडेक्सिंग' आहे का विचारा. बेल्टवाला म्हणाला त्या कपलिंगच्या चुकीलाही हेच औषध. मात्र बोअर आणि मँड्रेलमध्ये सैलपणा असेल तर दर वेळी वेगळं उत्तर येईल, त्यावर औषध नाही.

एक प्लेन की दोन, हाही प्रश्न येईल. व्यास रुंदीच्या सहापट किंवा जास्त असेल तर एपीआय ६१० (पंपांचं मानक) इम्पेलरला एका प्लेनमध्ये परवानगी देतं. रुंद, डबल सक्शनवाल्यांना दोनच.

गोलगोल

अवांतर: हे तंत्र बरंच जुनं आहे. जर्मनीत लावाचेक यांनी १९०७ च्या सुमारास बॅलन्सिंग मशीन बनवलं आणि १९०८ मध्ये कार्ल शेंक यांच्या कंपनीने त्याचे हक्क घेतले. स्टीम टर्बाइनचे वेग वाढत चालले होते, त्याची ती गरज होती. शेंक हे नाव या धंद्यात अजूनही आहे.

चाकोरीबाहेर

एवढं मशीन कशाला? पोर्टेबल बॅलन्सर घ्या, फॅन जागेवरच बॅलन्स करा. फोटो सेन्सर, एक-दोन व्हायब्रेशन सेन्सर, ट्रायल वजन, झालं काम. वाहतूक नाही, उघडझाक नाही.

पंपपुराण

फॅनला पोर्टेबल छानच, खरं तर यांनी दोन्ही ठेवावं. पण पंपाच्या आत वजन कुठे लावणार? मोटरच्या रोटरला तर हात पोचतच नाही. आणि थरथर म्हणजे असंतुलनच असं नाही. अलाइनमेंट, सैल फूट, वाकलेला शाफ्ट, सगळे थरथरवतात. वाकलेल्या शाफ्टला वजनं लावत बसणारे पाहिलेत.

बेल्टवाला

चौकशीत आणखी काही गोष्टी घाला. एक, ब्लोअरचे फॅन बहुतेक ओव्हरहंग असतात, दोन्ही बेअरिंग एका बाजूला आणि फॅन बाहेर लोंबतो. मागचं जर्नल (शाफ्टची बेअरिंगवर टेकणारी जागा) वर उचललं जातं. त्याला वरून दाबून धरणारा रोलर मिळतो का, ते आधी विचारा.

दुसरं, रोलर. तुमच्या जर्नलचा व्यास आणि मशीनच्या रोलरचा व्यास जवळपास सारखा नको. सारखा असेल तर रोलरचा रनआउट रोटरच्याच ठेक्यावर येतो, मशीनला तो असंतुलनापासून वेगळा काढता येत नाही. किंचित फरक असेल तर रीडिंग हळूहळू वर-खाली डोलत राहतं आणि ऑपरेटर फोटो सेन्सरला शिव्या देतो. रोलर बदलण्याची सोय हवी. आणि जर्नलवर ओरखडे असतील तर आधी ते साफ करा.

तिसरं, वजन आणि वेग यांची एकत्रित मर्यादा. हार्ड बेअरिंग मशीनला वजन गुणिले आरपीएमचा वर्ग, अशी एक सीमा असते. १००० किलो उचलतं, म्हणून १००० किलो हव्या त्या वेगाने फिरवता येईल असं नाही. तुमच्या ५०० किलोच्या रोटरला ते कुठला वेग देतात, तो आकडा घ्या.

सावधान_विश्राम

गार्ड विसरू नका. फॅनच्या पात्यावर टाकलेलं वजन वेल्ड नीट नसेल तर ते सुटतं, आणि सुटलं की समोर कोण आहे ते बघत नाही. संरक्षक कुंपणासाठी आयएसओ २१९४०-२३ आहे.

फिरता_शाफ्ट

एवढं वाचून पहिल्या विक्रेत्याला फोन केला. ५ किलोवर किती ग्रॅम-मिमी, असं विचारल्यावर 'टेक्निकलवाल्यांना विचारून सांगतो' म्हणाला. अजून उत्तर नाही.

आता विचार असा: मोठं १००० किलोचं हार्ड, बेल्ट आणि एंड दोन्ही ड्राइव्ह. छोट्या रोटरची ऑर्डर पक्की झाली तर त्याच्यासाठी ३०-५० किलोचं वेगळं, बेल्टचं. उभं सध्या नाही.

दोन शंका. मोटरच्या शाफ्टला की (पुली घट्ट धरणारी पाचर) असते, ती बॅलन्स करताना लावायची का? आणि कधीतरी लांब मल्टिस्टेज पंपाचे रोटर येतात, ते या मशीनवर चालतील का?

निवृत्त_टेस्टबेड

की: आयएसओ २१९४०-३२ प्रमाणे अर्धी की. शाफ्ट बॅलन्स करताना की-वेत अर्ध्या कीइतकं वजन भरायचं, पुली किंवा कपलिंग बॅलन्स करताना उरलेलं अर्धं तिकडे. शाफ्टच्या टोकाला 'एच' मारलेला दिसला तर अर्धी की, 'एफ' असेल तर पूर्ण की, 'एन' म्हणजे कीशिवाय. जुन्या मोटरवर 'एफ' असेल आणि तुम्ही नवी पुली अर्ध्या कीने बॅलन्स केलीत तर दोन्ही वेगवेगळे पास आणि एकत्र बसवल्यावर नापास. खूण न बघता की ठोकू नका.

मल्टिस्टेज: चालण्याचा वेग पहिल्या क्रिटिकल स्पीडच्या (ज्या वेगाला रोटर अनुनादाने जोरात थरथरतो) साधारण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर रोटर कडक समजा, कमी वेगात बॅलन्स केलेलं पूर्ण वेगातही टिकतं. त्याच्या वर गेला की तो वाकून फिरतो, आणि कमी वेगाच्या मशीनवर आणलेलं शून्य तिथे उपयोगाचं नाही. अशांसाठी पद्धती वेगळ्या, कधीकधी पूर्ण वेगाचं मशीन लागतं. बऱ्याच पंपांत निदान एकेक इम्पेलर बॅलन्स करून, मग थोडे थोडे चढवत तपासत जातात. क्रिटिकल माहीत नसेल तर काम घेण्याआधी गिऱ्हाइकाकडून मागून घ्या.

फिरता_शाफ्ट

आणि मशीन आल्यावर स्वीकारायचं कसं? विक्रेत्याचा माणूस येऊन त्याच्याच रोटरवर शून्य दाखवून जाईल.

डायलगेज

शून्य दाखवणं सोपं आहे, ते बघून सही करू नका. आयएसओ २१९४०-२१ मध्ये दोन चाचण्या आहेत, करारातच घाला. पहिलीत प्रूव्हिंग रोटर (चाचणीसाठीचा रोटर) आधी चांगला बॅलन्स करतात, मग विक्रेत्याने सांगितलेल्या किमान असंतुलनाच्या दहापट वजन ३० अंशांवर एकेक करत बाराही भोकांत लावून प्रत्येक वेळी रीडिंग घेतात. बारांची सरासरी काढून प्रत्येक रीडिंगला तिने भागायचं. उत्तरं ०.८८ ते १.१२ च्या मध्ये यायला हवीत, एखादं बाहेर गेलेलं चालतं. दुसरी चाचणी, एका रनमध्ये किती टक्के असंतुलन कमी होतं त्याची. ९५ टक्के मागा.

यातलीच एक गोष्ट घरी वापरा. बाहेरून बॅलन्स होऊन आलेला रोटर मशीनवर टाका, परवानगीच्या पाच-दहापट माहीत असलेलं वजन ४५-४५ अंशांवर फिरवत आठ रीडिंग घ्या आणि कागदावर मांडा. सगळी सारखी आली तर रोटर खरोखर बॅलन्स आहे. एका बाजूला उंच आणि समोरच्या बाजूला खोल अशी लाट आली, तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान रीडिंगमधल्या फरकाच्या निम्मं असंतुलन आत शिल्लक आहे. छापील रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो.

ऑइलसील

आमच्या फॅनला सातच पाती आहेत. ४५ अंशांवर वजन कुठे लावू?

डायलगेज

सात पात्यांवर सात रीडिंग घ्या. अंतरं समान असली की पुरे. फक्त प्रत्येक पात्यावर वजन एकाच त्रिज्येवर लागलंय ना, ते पट्टीने बघा. २०० ऐवजी २१० मिमीवर लागलं तर तिथेच पाच टक्क्यांचा फरक येईल आणि दोष मशीनला जाईल.